वॉटल कुठे रुजेल? मुकुर्तीच्या गवताळ डोंगरांचा अधिवास-नकाशा

निलगिरी पठाराच्या नैर्ऋत्य टोकाला डोंगर एकाएकी तुटतात आणि खाली केरळची सायलेंट व्हॅली सुरू होते. या कड्यालगत मुकुर्ती राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ ७८.४६ चौरस किलोमीटर, आणि त्यातले सर्वांत उंच शिखर कोल्लारीबेट्टा, २,६२९ मीटर. जून ते सप्टेंबर मोसमी पाऊस या भागाला झोडपून काढतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत पहाटे सखल जागांतल्या गवतावर दव गोठते. टेकड्यांचे माथे आणि उतार गवताचे, तर घळींत, ओढ्यांच्या कडेने, बुटक्या सदाहरित झाडांची गर्द वने. या वनांना शोला म्हणतात. गवत आणि शोला यांच्यातली सीमा इतकी ठळक असते की दोन पावलांत माणूस उन्हातून अंधारात शिरतो. कडेकपाऱ्यांत वावरणारा निलगिरी ताहर आणि जमिनीवर घरटे करणारा निलगिरी पिपिट हे दोघेही या गवतावर जगतात. तोडा समाजाच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या इथेच चरत आल्या, आणि मुकुर्ती शिखर त्यांना पवित्र आहे. ताहरच्या रक्षणासाठी आधी अभयारण्य झाले आणि १९९० मध्ये राष्ट्रीय उद्यान.

या गवतात आज ठिकठिकाणी वॉटल उभे आहे. वॉटल म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातली आणि टास्मानियातली अकेशिया. काळे वॉटल, म्हणजे अकेशिया मर्न्सी, हे त्यातले मुख्य. त्याच्या जोडीला चंदेरी वॉटल, म्हणजे अकेशिया डीलबाटा. १९ व्या शतकात इंग्रजांनी ऑस्ट्रेलियन झाडे निलगिरीत आणली ती प्रामुख्याने सरपणासाठी. स्वातंत्र्यानंतर वनखात्याने त्यांची मोठ्या प्रमाणावर लागवड केली, कारण सालीतले टॅनिन चामडे कमावायला लागे आणि लाकूड व्हिस्कोजच्या लगद्याला. त्या काळच्या वनव्यवस्थापनाला गवत म्हणजे रिकामी जागा वाटे. रिकामी जागा लागवडीखाली आणणे हे चांगले काम, आणि ते मनापासून केले गेले. पुढे टॅनिनची बाजारपेठ आटली, लागवडी थांबल्या, पण झाडे थांबली नाहीत.

ती का थांबली नाहीत, हे त्यांच्या बीमध्ये दडलेले आहे. वॉटलच्या बीचे कवच इतके टणक असते की ते पाणी आत शिरू देत नाही. बी मातीत कित्येक दशके जिवंत पडून राहते. वणवा लागला किंवा माती उकरली गेली की कवच तडकते आणि हजारो रोपे एकदम वर येतात. मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, त्यामुळे निकस जमिनीतही रोप झपाट्याने वाढते. शिवाय तो नत्र मातीत मिसळून तिथल्या गवताचे गणित बिघडवतो. दोन जातींत एक व्यावहारिक फरक आहे आणि तो जाणून न घेता कुऱ्हाड चालवणे महागात पडते. काळे वॉटल बुंध्यापासून तोडले तर बहुधा मरते, पण मागे बीचा साठा ठेवून जाते. चंदेरी वॉटल तोडले की मुळांतून फुटवे काढते. एका झाडाच्या जागी झाडोरा उभा राहतो.

पसरण्याच्या बाबतीत मात्र हे झाड काहीसे आळशी आहे. त्याच्या बीला पंख नाहीत, वारा ते फार लांब नेत नाही. बी झाडाखाली पडते, ओढ्याच्या पाण्याबरोबर खाली जाते, रस्त्याच्या किंवा धरणाच्या कामासाठी उचललेल्या मातीतून ट्रकने प्रवास करते. म्हणून वॉटलची नवी बेटे जुन्या लागवडीच्या कडेला, ओढ्याकाठी आणि रस्त्यालगत दिसतात. नकाशा काढणाऱ्याच्या दृष्टीने झाडाच्या स्वभावातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

नकाशा म्हटले की तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. झाड आज कुठे आहे, हा पहिला नकाशा; तो उपग्रहचित्रांतून आणि पायी फिरून निघतो. झाड कुठे जगू शकेल, हा दुसरा. त्यालाच अनुकूल अधिवासाचा नकाशा म्हणतात. झाड अमुक इतक्या वर्षांत कुठवर पोहोचेल, हा तिसरा, आणि त्यासाठी बीच्या प्रवासाचा वेग कळावा लागतो. पहिल्या नकाशाचे काम पश्चिम घाटात बरेच झाले आहे. १९७३ ते २०१७ या काळातल्या उपग्रहचित्रांच्या अभ्यासानुसार पश्चिम घाटातल्या उंचावरील गवताळ प्रदेशांपैकी सुमारे २३ टक्के, म्हणजे ३४० चौरस किलोमीटर, परकी झाडांखाली गेले आहेत. पश्चिम घाटातल्याच पळणी डोंगरांत लाकडाच्या लागवडी आणि शेती मिळून चार दशकांत दोन-तृतीयांश गवत संपले. प्रस्तुत पुस्तक दुसऱ्या नकाशाबद्दल आहे. तो सर्वांत जास्त काढला जातो आणि सर्वांत जास्त चुकीचा वाचला जातो.

या नकाशामागे एक जुना वाद आहे, आणि त्यात शिरल्याशिवाय ‘अनुकूल’ या शब्दाला अर्थ येत नाही. एवढा पाऊस पडूनही निलगिरीच्या माथ्यावर जंगल का नाही? १९३८ मध्ये सी. आर. रंगनाथन यांनी मांडले की दव गोठण्यामुळे शोलातल्या झाडांची रोपे उघड्यावर टिकत नाहीत, म्हणून गवत ही तिथली मूळ स्थिती आहे. त्याच वर्षी एन. एल. बोर यांनी उलट बाजू घेतली: हे गवत माणसाने लावलेल्या आगींचे आणि चराईचे फळ आहे, तो हात हटला तर जंगल परत येईल. लागवडीच्या धोरणाला दुसरे मत सोयीचे होते. १९९३ मध्ये रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी निलगिरीतल्या दलदलींच्या पीटमधील कार्बनच्या समस्थानिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उष्णकटिबंधीय गवते आणि झाडे कार्बन वेगवेगळ्या मार्गाने बांधतात आणि त्याची खूण पीटमध्ये हजारो वर्षे टिकते. त्या खुणेवरून दिसले की हे गवत माणसाच्या वस्तीच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. हवामानाप्रमाणे ते कधी पसरले, कधी आक्रसले. अलीकडच्या काळात रोपे प्रत्यक्ष गवतात लावून केलेल्या प्रयोगांनी रंगनाथन यांच्या तर्काला बळ दिले. शोलातल्या झाडांची रोपे गोठणाऱ्या रात्रींत मरतात. वॉटलची रोपे मात्र त्या मानाने तग धरतात. जो पहारा देशी झाडांना हजारो वर्षे अडवत आला, तो या पाहुण्याला ओलांडता येतो.

आता मूळ कल्पनेकडे. एखादी जाती कोणत्या परिस्थितीत जगते याला परिस्थितिकीत ‘निश’ म्हणतात. १९१७ मध्ये जोसेफ ग्रिनेल यांनी कॅलिफोर्नियातल्या एका पक्ष्याच्या संदर्भात ही संज्ञा रुळवली. १९५७ मध्ये जी. ई. हचिन्सन यांनी तिला गणिती आकार दिला: तापमान, ओल, आम्लता असा प्रत्येक घटक एकेका अक्षावर मांडला तर जाती जगू शकते असा एक बहुमितीय अवकाश तयार होतो. त्यांनी दोन प्रकार वेगळे केले. स्पर्धक आणि शत्रू नसतील तर जाती जिथे जगेल ते मूलभूत निश. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला येते ते वास्तव निश. आक्रमक जातीची सगळी गोष्ट या दोहोंमधल्या फटीत घडते. मायदेशातले किडे आणि रोग मागे राहतात आणि झाडाला नव्या मुलुखात जास्त मोकळीक मिळते.

संगणक आल्यावर या कल्पनेला अवजारे मिळाली. पहिली ऑस्ट्रेलियातून आली, आणि त्या देशाने परकी जातींचा जो मार खाल्ला तो पाहता याचे नवल वाटू नये. १९८५ च्या सुमारास आलेले क्लायमेक्स हे साधन जातीच्या वाढीच्या आणि ताणाच्या मर्यादा घेऊन हवामानाशी ताडून पाहते. हेन्री निक्स यांचे बायोक्लिम त्याहून साधे: जिथे जिथे जाती सापडली तिथल्या तापमान-पावसाच्या किमान आणि कमाल मर्यादांची एक पेटी बांधायची आणि त्या पेटीत बसणारी प्रत्येक जागा अनुकूल मानायची. पुढे संख्याशास्त्रज्ञ आले आणि त्यांनी समाश्रयणाची समीकरणे आणली. त्यांना जाती आहे अशा जागांबरोबर ती नाही अशाही जागा लागतात. ‘नाही’ची नोंद मिळणे अवघड, कारण हर्बेरियममध्ये आणि वनखात्याच्या वह्यांत ‘इथे वॉटल नव्हते’ असे कोणी लिहून ठेवत नाही.

२००६ मध्ये स्टीव्हन फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी मॅक्सेंट प्रसिद्ध केले. या पद्धतीला ‘नाही’च्या नोंदी लागत नाहीत. जाती सापडलेल्या जागांची परिस्थिती आणि आजूबाजूच्या एकूण प्रदेशाची परिस्थिती यांची ती तुलना करते आणि हाती असलेल्या माहितीशी जुळणाऱ्या शक्यतांपैकी सर्वांत कमी गृहीतक धरणारी शक्यता निवडते. त्याच वर्षी जेन एलिथ आणि सहकाऱ्यांनी सहा प्रदेशांतल्या २२६ जातींवर १६ पद्धती पडताळून पाहिल्या. त्यात नव्या पद्धती जुन्यांना भारी ठरल्या. सॉफ्टवेअर फुकट, जगभरचे हवामान सुमारे एक किलोमीटरच्या चौकोनांत तयार, जातींच्या नोंदी जागतिक संग्रहात खुल्या. एवढे सगळे हाताशी आल्यावर अधिवास-नकाशांचे पीक आले. त्यातले बरेचसे एका दुपारीत काढलेले असतात आणि तसे दिसतातही.

भारतात आणखी एक घराणे लोकप्रिय आहे. उतार, उंची, पाऊस, मातीचा पोत, रस्त्यापासूनचे अंतर असे थर घ्यायचे, तज्ज्ञांना विचारून प्रत्येकाला भार द्यायचा आणि बेरीज करायची. भूगोल विभागांतल्या अनेक प्रबंधांचा हा पाया आहे. नोंदी कमी असतील तिथे तो उपयोगी पडतो. पण भार कोणाच्या अनुभवावरून ठरले हे उघड सांगितले नाही तर नकाशा म्हणजे मत रंगवून दाखवण्याची रीत उरते.

डोंगरात या सगळ्या पद्धतींची परीक्षा कठोर होते. मुकुर्तीत एक किलोमीटरच्या चौकोनात पश्चिमेचा पावसाने धुतलेला कडा, एक माथा, एक शोला आणि एक थंड खोलगट सगळेच मावते. त्या सर्वांना एकच सरासरी तापमान देणे म्हणजे त्यांच्यातला फरक पुसून टाकणे. रात्री थंड हवा जड होऊन उताराने खाली सरकते आणि खोलगटात साचते. माथ्यावर दव द्रवरूपच राहते आणि काही मीटर खालच्या गवतावर पांढरा थर धरतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात दव गोठल्याच्या बातम्या येतात तेव्हाही हेच घडलेले असते. म्हणून इथे तापमानाच्या तयार थरापेक्षा जमिनीच्या उंचसखलपणाचे प्रारूप अधिक बोलके ठरते. ३० मीटरच्या चौकोनांतली उंची मिळाली की उतार, त्याची दिशा, खोलगटपणा, पाणी साचण्याची शक्यता हे सर्व त्यातून काढता येते. आणि मग जीपीएसची चूक मोजावी लागते, कारण दाट झाडीत दहा-वीस मीटरची चूक एखाद्या झाडाला ओढ्यातून उचलून उतारावर नेऊन ठेवते.

आक्रमक जातीची खरी अडचण याहून खोल आहे. वर सांगितलेल्या बहुतेक पद्धती गृहीत धरतात की जाती तिला मानवणाऱ्या सर्व जागी पोहोचलेली आहे. वॉटल पोहोचलेले नाही. ते जिथे लावले तिथे आणि त्याच्या आसपास आहे. लागवडीसाठी वनखात्याने रस्त्याजवळचे, सोप्या उताराचे गवत निवडले असेल, तर मॉडेल शिकेल की वॉटलला सोपा उतार आवडतो. प्रत्यक्षात सोपा उतार मजुरांना आवडत होता. त्यात भर म्हणून, नोंदी घेणारेही रस्त्यानेच फिरतात. म्हणजे रस्त्याजवळचे वॉटल तीन कारणांनी रस्त्याजवळ असते: तिथे ते लावले, तिथून त्याचे बी पसरले आणि तिथेच ते कोणीतरी पाहिले. ही तीन कारणे सुटी केल्याशिवाय काढलेला नकाशा वनखात्याच्या जुन्या कामाचा नकाशा होतो. नकाशावरचा फिका रंग वाचून ‘इथे धोका नाही’ असा निष्कर्ष काढणे ही मग सर्वांत महागडी चूक ठरते.

यावर दोन मार्ग सुचवले जातात. एक म्हणजे झाडाच्या मायदेशातल्या नोंदींवर मॉडेल शिकवायचे आणि ते भारतावर लागू करायचे. त्यासाठी निश स्थलांतरात बदलत नाही हे मानावे लागते. २०१२ मध्ये ५० वनस्पतींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बहुतेकींचे निश फारसे बदलले नसल्याचे दिसले. अपवाद मात्र होते, आणि आपले झाड त्यात नाही याची हमी कोणी देत नाही. शिवाय टास्मानियात मोसमी पाऊस नाही. मॉडेलने कधी न पाहिलेल्या परिस्थितीवर ते जिथे अंदाज करत असेल, त्या जागा नकाशावर वेगळ्या दाखवणे हा किमान प्रामाणिकपणा झाला. दुसरा मार्ग म्हणजे लागवडीचा इतिहास हाच एक थर म्हणून मॉडेलमध्ये घालायचा. जुन्या कार्ययोजनांमधले लागवडीचे पट्टे, १९७० च्या दशकापासूनची लँडसॅट चित्रे आणि २०१५ पासून मिळणारी सेंटिनेलची दहा मीटरची चित्रे एकत्र ठेवली की वॉटल कुठून निघाले आणि कोणत्या बाजूने सरकले हे दिसते. प्रस्तुत पुस्तकाचा कल या दुसऱ्या मार्गाकडे आहे, आणि मुकुर्तीसारख्या छोट्या, नोंदींनी समृद्ध उद्यानासाठी तो योग्यही आहे.

नकाशा किती खरा, हे तपासण्याच्या रूढ रीतीतही एक पळवाट आहे. नोंदींचा काही भाग बाजूला ठेवून त्यावर मॉडेल तपासतात आणि गुण उत्तम येतात. पण बाजूला ठेवलेले झाड शिकवणीतल्या झाडापासून चाळीस पावलांवर असेल तर ती परीक्षा कसली? म्हणून उद्यानाचे तुकडे पाडून एक अख्खा तुकडा राखून ठेवण्याची रीत आली. गुण घसरतात, विश्वास वाढतो. आक्रमक झाडाच्या बाबतीत दोन प्रकारच्या चुकांची किंमतही सारखी नसते. जिथे वॉटल येणार नव्हते तिथे वनरक्षक फेरी मारून आला, तर एक दिवस गेला. जिथे येणार होते तिथे कोणी गेलेच नाही, तर दहा वर्षांनी तिथे करवत लागते.

हे सर्व आत्ता महत्त्वाचे होण्याची कारणे अनेक आहेत. मुकुर्ती आणि परिसर जलविद्युत आणि पिण्याच्या पाण्याचा मोठा स्रोत आहे. पायकारा जलविद्युत प्रकल्प १९३२ पासून चालतो. ग्लेनमॉर्गन येथील पाणलोटांच्या तुलनेत गवताच्या जागी निलगिरीची (युकॅलिप्टसची) झाडे लावल्यावर पहिल्या फेरीत पाण्याचे उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. ते झाड वेगळे, पण गवत हटून झपाट्याने वाढणारे झाड आले की पाण्याचे काय होते याचा अंदाज त्यातून येतो. दक्षिण आफ्रिकेने तर १९९५ पासून ओढ्याकाठचे वॉटल काढण्यावर पाण्यासाठी म्हणूनच खर्च केला. दुसरीकडे, भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा अधिक जागेवर दहा टक्क्यांहून जास्त पर्णछत्र असले की ते वनाच्छादन. झाड कोणते हे पाहिले जात नाही. वॉटल वाढले की वन वाढते आणि वॉटल काढले की वन घटते, असे कागदावर दिसते. तमिळनाडूने २०२२ मध्ये आक्रमक वनस्पतींसाठी स्वतंत्र धोरण आणले आणि त्याच वर्षी ताहरसाठी प्रकल्प जाहीर केला, तेव्हा पैसा आणि माणसे कुठे लावायची हा प्रश्न कागदावरून डोंगरावर आला. आणि गोठणाऱ्या रात्री कमी होत गेल्या, तर दवाचा तो पहारा अजूनच सैल होईल.

मराठी वाचकाला हा प्रदेश दूरचा वाटू नये. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यांत मुकुर्ती आहे, तसेच कास, कोयना, चांदोली आणि राधानगरीही आहेत. कासच्या सड्यावर वॉटल नाही. पण गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून डोंगर ‘हिरवे’ करण्याची हौस महाराष्ट्रानेही केली आहे, आणि माळरानाला पडीक म्हणणारा सातबारा अजून तसाच आहे. मुकुर्तीत जे शिकायला मिळते त्यातला निम्मा भाग नकाशाशास्त्राचा आणि निम्मा या दृष्टीचा आहे.

नकाशा हाती आल्यावर काय करायचे, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. जुन्या, दाट वॉटलच्या सावलीत काही ठिकाणी शोलातली रोपे उगवताना दिसली आहेत. दव तिथे गोठत नाही आणि सावली मिळते. अशा जागी झाडे सरसकट तोडली तर वॉटलच्या बीला मोकळे रान मिळते आणि शोलाची रोपे उन्हात मरतात. तिथे थांबावे, असे एक मत. ती जागा मुळात गवताची होती, तिथे शोला आली तरी ताहरचे नुकसानच, असे दुसरे. पुस्तक या वादात एक भूमिका घेते: जुन्या दाट लागवडींपेक्षा गवतात नुकतीच उगवलेली सुटी रोपे आधी उपटावीत, आणि अनुकूल अधिवासाचा नकाशा त्यासाठी वापरावा. कमी श्रमात जास्त गवत वाचते, आणि हाताने उपटता येईल अशा रोपाला करवतही लागत नाही. या क्रमाला पुस्तकात दिलेली कारणे पटणारी आहेत. मात्र बीचा साठा किती वर्षे सांभाळावा लागेल, याचा हिशेब त्यात थोडा आशावादी वाटतो.

पुस्तकाची रचना भूगोल आणि वनशास्त्राचे विद्यार्थी तसेच क्षेत्रावर काम करणारे वनकर्मचारी, दोघांनाही धरून आहे. गणित आवश्यक तेवढेच आहे. एकच उद्यान, एकच झाड आणि एकच प्रश्न घेऊन तो चार वेगळ्या पद्धतींनी सोडवून दाखवला आहे, आणि चारही नकाशे शेजारी ठेवले आहेत. ते जिथे जुळतात त्यापेक्षा जिथे जुळत नाहीत त्या जागांवर अधिक पाने खर्च झाली आहेत, हे या मांडणीचे वेगळेपण. वाचकाने ती पाने घाईने उलटू नयेत. पश्चिम कड्यावरच्या एका खोलगटाबद्दल चार पद्धती चार उत्तरे देतात आणि त्यातले प्रत्येक उत्तर कोणत्या थरामुळे आले हे तिथे उलगडून दाखवले आहे.

काही गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. गवतात पसरणारे स्कॉच ब्रूम आणि गॉर्स ही झुडपेही मुकुर्तीत त्रासदायक आहेत, पण त्यांचे बी आणि आगीशी असलेले नाते वेगळे असल्याने त्यांना स्वतंत्र अभ्यास हवा. पाइन आणि निलगिरी यांचा उल्लेख तुलनेपुरता येतो. बीच्या प्रसाराचे वर्षवार अंदाज, म्हणजे वर सांगितलेला तिसरा नकाशा, पुस्तकात काढलेला नाही. त्यासाठी लागणारी प्रत्यक्ष मोजमापे कशी घ्यावीत याची पद्धत मात्र परिशिष्टात दिली आहे.